यमक जुळलं, पण गोष्ट?

सिंड्रेला, लाल टोपीवाली, तीन डुकरं किंवा आपले चिऊ-काऊ यांची गोष्ट नव्यानं, पद्यात, चित्रपुस्तकासाठी लिहायची ठरवली की बहुतेक जण पहिली ओळ लिहितात आणि लगेच तिला जुळणारा शब्द शोधायला बसतात. ‘राजा’ला ‘बाजा’ सापडतो, म्हणून गोष्टीत वाजंत्री येते. ‘परी’ला ‘घरी’ सापडतं, म्हणून परी निष्कारण घरी जाते. दहा-बारा कडवी होतात, सगळी जुळतात, आणि वाचून झाल्यावर मूल विचारतं, ‘मग काय झालं?’ काहीच झालेलं नसतं.

या लेखनात यमकाची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी जुन्या गोष्टीतलं एक कारण बदलायचं, मग गोष्टीची पानं पाडायची, आणि मग ओळींना हात घालायचा. हा क्रम उलटा करून उत्तम पुस्तक लिहिणारे असतीलही, पण त्यांना मार्गदर्शनपर लेखाची गरज नसते.

आधी एक संकोच दूर करू. ‘मूळ गोष्ट कशी बदलायची?’ असं अनेकांना वाटतं. पण मूळ म्हणजे नेमकी कुठली? शार्ल पेरोच्या १६९७ मधल्या पुस्तकात लांडगा लाल टोपीवाल्या मुलीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते. पोट फाडून तिला आणि आजीला बाहेर काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या पुस्तकात, १८१२ मध्ये, येतो. भोपळ्याची बग्गी आणि काचेची सपात पेरोची. ग्रिमांच्या सिंड्रेलाला कपडे मिळतात ते आईच्या थडग्यावरच्या झाडाकडून आणि पाखरांकडून. १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे, ती सावत्र झाली पुढच्या आवृत्तीत. ग्रिमांच्या बेडकाला राजकन्या पापा देत नाही, भिंतीवर आपटते. तीन अस्वलांची गोष्ट रॉबर्ट साउदीनं १८३७ मध्ये छापली, तेव्हा त्यांच्या घरात शिरणारी सोनेरी केसांची मुलगी नव्हती, एक म्हातारी होती. या गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येकानं काही ना काही बदललेलं आहे. तुम्ही रांगेत शेवटचे, इतकंच.

कायद्याचं थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. पेरो, ग्रिम, अँडरसन यांच्या गोष्टी कधीच्याच मोकळ्या झाल्या आहेत. मोकळं नसतं ते नंतर कुणीतरी घातलेलं. ग्रिमांच्या सात बुटक्यांना नावं नाहीत. लोकांना पाठ असलेली नावं डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटातली आहेत. एखाद्या हयात लेखकाचा मराठी अनुवाद समोर ठेवून लिहीत असाल, तर त्याची शब्दरचनाही त्याचीच. म्हणून जुनी, हक्कमुक्त आवृत्ती वाचा आणि तिच्यावरून लिहा.

एकच ‘जर’

नव्यानं सांगणं म्हणजे कपडे बदलणं असा समज फार पसरला आहे. सिंड्रेला मॉलमध्ये नेली, लांडग्याच्या हाती मोबाइल दिला, राजकन्येला कराटे शिकवलं की गोष्ट आधुनिक झाली! पण सिंड्रेला मॉलमध्येही बारा वाजता पळत सुटते आणि एक सपात मागे राहते, तेव्हा वाचणाऱ्याला नवं काय मिळालं? गोष्ट हलते ती तिच्यातलं एखादं कारण हलवल्यावर. ती सपात गावातल्या सगळ्यांच्याच पायाला झाली तर? वेलावरून वर आलेल्या जॅकला राक्षसाच्या बायकोनं लपवलंच नसतं तर? असा एकच ‘जर’ घ्यायचा आणि शेवटपर्यंत त्याचा पाठपुरावा करायचा. दोन ‘जर’ घेतले की चित्रपुस्तकाच्या बत्तीस पानांत दोन्ही अर्धवट राहतात.

तो ‘जर’ कुठे पेरायचा हे रोआल्ड डालच्या १९८२ च्या ‘रिव्होल्टिंग ऱ्हाइम्स’मध्ये पाहावं. सहा परीकथा त्यानं यमकात उलट्यापालट्या केल्या आणि क्वेंटिन ब्लेकनं चित्रं काढली. लाल टोपीवालीच्या गोष्टीत कान, डोळे, दात हे प्रश्न सगळ्या जगाला पाठ आहेत. डाल बदल करतो तो अगदी तिथं: दातांचा प्रश्न यायचा त्या जागी मुलगी लांडग्याच्या अंगावरच्या केसाळ कोटाचं कौतुक करते. लांडगाही गोंधळतो, कारण त्यालाही गोष्ट पाठ आहे. वाचक जिथं पुढचं वाक्य मनात म्हणत असतो, तीच बदलाची जागा. (पुढे ती पिस्तूल काढते. चार वर्षांच्या मुलासाठी लिहीत असाल तर एवढं लांब जायचं कारण नाही.)

यातून एक अट आपोआप येते. वाचणाऱ्याला जुनी गोष्ट माहीत हवी, नाहीतर बदललं काय हेच त्याला कळणार नाही. तीन वर्षांच्या मुलाला आधी जुनी गोष्ट मनसोक्त ऐकू द्या; उलटवलेली गोष्ट साधारण पाच ते आठ वर्षांच्या मुलांची. शंका वाटली तर पहिल्या जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, जुनी गोष्ट चार ओळींत सांगून टाका. मराठी मुलांना सिंड्रेला बहुधा पडद्यावरून माहीत असते आणि चिऊ-काऊ आजीकडून. मला विचाराल तर सुरुवात दुसऱ्यापासून करा, कारण ती गोष्ट आजी जशी सांगते तशी, लयीसकट कानात असते.

तीच उदाहरणाला घेऊ. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीचं दार वाजवतो, आणि चिमणी बाळाची अंघोळ, बाळाची तीट अशी एकेक सबब सांगत त्याला ताटकळत ठेवते. आता ‘जर’: हीच गोष्ट पावसाळ्यात न घडता वैशाखात घडली तर? मेण वितळेल. शेणामातीचं घर गार राहील. कल्पना कुणालाही सुचण्यासारखी आहे. कस लागतो तो पुढे. चिमणी कावळ्याकडे आली. आता कावळ्यानं काय करायचं? त्यानं सूड म्हणून सबबी सांगितल्या तर जुनी गोष्ट नावं बदलून पुन्हा झाली. त्यानं लगेच दार उघडलं तर चौथ्या पानावर पुस्तक संपलं, वर क्षमेवर प्रवचन. ‘जर’ नीट तपासला की वाट त्यातूनच निघते. कावळ्याचं घर मागच्या पावसात वाहून गेलं होतं. नवं घर बांधताना, दारात ताटकळलेला तो कावळा, दार कशाला ठेवेल? म्हणजे चिमणीला वाजवायला दारच नाही. ती घराभोवती फेऱ्या मारत दार शोधते, आणि पुस्तकाचा मधला भाग उभा राहतो.

‘तू मला थांबवलं होतंस’ हे कावळ्यानं कुठेही म्हणायचं नाही. ते मूल म्हणेल, आणि मोठ्यानं म्हणेल. आपल्याकडच्या बालसाहित्याला शेवटच्या पानावर तात्पर्य चिकटवायची जुनी खोड आहे. उलटवलेल्या परीकथेत ती जास्तच बोचते, कारण इथं सगळी गंमत मुलाला स्वतःला फरक सापडण्यात असते.

पानं आधी, ओळी नंतर

ए-फोर आकाराचे आठ कागद एकात एक घालून मधोमध दुमडा. बत्तीस पानं झाली. चित्रपुस्तकांचा हा सर्वांत रूढ आकार. सोळा आणि चोवीस पानांचीही असतात, कारण पिनांनी शिवलेल्या पुस्तकाला चाराच्या पटीत पानं लागतात. पहिलं पान नावाचं, दोन-तीन श्रेयांची आणि अर्पणाची, बत्तिसावं समारोपाच्या चित्राला. उरली चौथ्यापासून एकतिसाव्यापर्यंत, म्हणजे चौदा जोडपानं. प्रत्येकावर चार ओळी धरल्या तरी छप्पन ओळी, जेमतेम अडीचशे शब्द. सांगायला जागा किती कमी आहे हे हातात वही धरल्याशिवाय पटत नाही.

या वहीत आधी ओळी लिहू नका. प्रत्येक जोडपानावर काय घडतं ते एका वाक्यात पेन्सिलीनं लिहा. आपल्या गोष्टीत: एक, मागचा पाऊस. दोन, वैशाखाचं ऊन. तीन, मेणाचं घर वितळतं. चार, चिमणी पिल्लाला घेऊन निघते. पाच, कावळ्याचं घर. सहा ते नऊ, दाराचा शोध: पुढून, मागून, वरून, खालून. दहा, कावळ्याचं उत्तर. पुढची चार जोडपानं दोघं मिळून घर कसं बांधतात यासाठी. जिथं वाक्य सुचत नाही तिथं गोष्टीला भोक आहे, आणि यमक ते बुजवू शकत नाही.

मग पान उलटण्याकडे बघा. चिमणीचा प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी आला पाहिजे आणि कावळ्याचं उत्तर पान उलटल्यावर. प्रश्न आणि उत्तर समोरासमोरच्या पानांवर पडले की मुलाचे डोळे आधी उत्तराकडे जातात आणि विनोद तिथंच जातो. गद्यात हे एखादं वाक्य मागेपुढे करून साधतं. पद्यात अख्खं कडवं हलवावं लागतं, म्हणून ते आधी ठरवायचं.

क्रियापदाचा सापळा

आता ओळी. मराठी बालकवितेत आठ मात्रांचं आवर्तन कानाला सर्वांत सरावाचं आहे. सोळा मात्रांची ओळ म्हणजे दोन आवर्तनं, आणि शेवटी एक मात्रा मोकळी सोडली तर वाचणाऱ्याला श्वास मिळतो. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात आला तर त्याच्या दोन: ‘छप्पर’मधल्या ‘छ’वर तो येतो, ‘कावळ्या’मधल्या ‘व’वर येत नाही. खोलात जायचं असेल तर माधव जूलियन यांचं ‘छंदोरचना’ आहेच. चित्रपुस्तकापुरता टाळीचा ठेका पुरतो.

तिसऱ्या जोडपानाचा पहिला खर्डा कुणाच्याही हातून साधारण असा उतरतो:

ऊन कडक मग पडू लागले,
मेणाचे घर गळू लागले.
चिमणी तेव्हा रडू लागली,
कावळ्याकडे पळू लागली.

मोजून पाहा, प्रत्येक ओळीत सोळा मात्रा आहेत. तरी कडवं मेलेलं आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ओळीच्या टोकाला आपोआप ‘आला-गेला’, ‘केले-दिले’, ‘लागले-लागली’ जमतात. व्याकरणाचे प्रत्यय एकमेकांना जुळतात, त्याला कवीची गरज नसते. शिवाय ‘मग’ आणि ‘तेव्हा’ भरतीला आलेत. मात्रा कमी पडल्या की मग, हो, बाई, की, छान छान हे शब्द कुठूनही धावत येतात. खर्डा झाला की त्यांच्याखाली रेघ मारा. तीनपेक्षा जास्त रेघा दिसल्या तर कडवं दुरुस्त करत बसू नका, नवं लिहा.

आता तेच पान दुसऱ्या तऱ्हेनं:

चटचट अंगण, चटचट वाट,
मेणाचं छत पार सपाट!
टपटप खिडकी, टपटप दार,
घर चिमणीचं पातळ फार.

पंधरा मात्रा आणि एक विराम. चारही ओळींत एकही क्रियापद नाही. चिमणी रडते, पळते हे चित्रकार दाखवेल. शब्दांनी तेच सांगितलं तर चित्राला काम उरत नाही. आमटीबद्दल वापरायचा ‘पातळ’ हा शब्द घराला लागला की मुलं हसतात, आणि चित्रकारालाही खाद्य मिळतं: दाराची कडी ओढावी तर चिक्कीच्या पाकासारखी लांबते आहे!

प्रत्येक पान बिनक्रियापदाचं लिहा असं मात्र मी म्हणत नाही, तशी चौदा जोडपानं तारेसारखी वाचली जातील. बोलताना आपण क्रियापद कितीदा पुढे घेतो ते ऐका. ‘आली एकदाची गाडी’, ‘पळाला बघ कोल्हा’, ‘कुठे गेली माझी चप्पल?’ हे अगदी रोजचं मराठी आहे, आणि त्यात ओळीच्या टोकाला नाम येतं. प्रश्न, हाक, आज्ञा, आश्चर्य यांत ही सोय मिळते. म्हणून यमकातल्या गोष्टीत निवेदन कमी आणि बोलणं जास्त ठेवावं. चिमणीची फेरी बघा:

दार कुठे रे, काऊ, दार?
टकटक टकटक चोच तयार!

हे ध्रुवपद चारही फेऱ्यांत येईल, मधल्या ओळी बदलत जातील. तिसऱ्या फेरीला मूल ते स्वतः म्हणू लागलं पाहिजे. नाही म्हणालं तर ध्रुवपद लांब आहे किंवा अवघड. आणि पान उलटल्यावर:

दार कशाला? ये ना आत!
जेवत बसलो, वाढू भात?

यमक कानानं तपासा, डोळ्यानं नको. ‘घर’ आणि ‘दूर’ कागदावर एकाच अक्षरानं संपतात, पण शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही, त्यामुळे कानाला नुसता ‘र’ ऐकू येतो आणि यमक होत नाही. ‘नाच’ आणि ‘पाच’ लिहायला सारखे, पण दोन्हींतला ‘च’ निराळा. उलट, जुळवाजुळव कधी कधी गोष्टीनं आधीच करून ठेवलेली असते: शेण आणि मेण! अशी तयार जोडी पहिल्याच पानावर उधळू नका. दोघं मिळून अर्ध्या शेणाचं, अर्ध्या मेणाचं घर बांधतात त्या पानासाठी राखून ठेवा.

आणखी एक अडचण फक्त लिहिताना कळते. पात्राचं लिंग बदललं की सगळी क्रियापदं बदलतात. राजपुत्राऐवजी राजकन्या घोड्यावर बसवलीत, तर ‘आला, बसला, निघाला’चं ‘आली, बसली, निघाली’ होतं आणि क्रियापदांची नामांशी जुळवलेली यमकं कोसळतात. कोण ‘तो’, कोण ‘ती’, कोण ‘ते’ हे पहिल्या ओळीच्या आधी ठरवा. ‘झालं’ लिहायचं की ‘झाले’ हेही. मुलांसाठी मी ‘झालं’च्या बाजूचा आहे, कसंही असो, एका पुस्तकात दोन्ही नकोत.

यमकाचं कधीच ऐकू नये का? जूलिया डोनल्डसन यांच्या ‘ग्रुफॅलो’ची (१९९९, चित्रं अॅक्सेल शेफलर) हकीकत बोलकी आहे. वाघाला फसवणाऱ्या कोल्ह्याची चिनी लोककथा त्यांच्या डोक्यात होती. इंग्रजीत वाघाला सोयीचं यमक जमेना, म्हणून त्यांनी वाघ सोडला आणि एक नवाच प्राणी घडवला. यमकापायी पात्र बदललं, पण लहानग्यानं मोठ्याच्या जोरावर सगळ्या रानाला घाबरवायचं हे कारण जसंच्या तसं राहिलं. यमकाला सवलत द्यायची ती इतपतच. नाव बदला, प्राणी बदला, ऋतूतला महिना बदला. कुणी काय का केलं याला हात लावू नका.

मराठीला एक वरदान आहे, ते सढळ हातानं वापरा: धप्पकन, खुडबुड, लगबग, सळसळ, चुळबुळ, गडाबडा. एका शब्दात आवाज, हालचाल आणि बहुतेकदा चार मात्रा. विंदा करंदीकरांच्या बालकविता वाचाल तेव्हा असे शब्द आणि साधं बोलणं यांचं प्रमाण बघा. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं गद्यात आहेत, तरी चित्रावर किती सोपवायचं हे शिकायला ती जवळ हवीत.

खर्डा पुरा झाला की स्वतः वाचून दाखवू नका. लय तुमच्या डोक्यात असते, त्यामुळे अडखळण्याच्या जागी तुम्ही नकळत स्वर ओढून वेळ मारून नेता. ज्यानं मजकूर पाहिलेला नाही अशा माणसाला मुलासमोर मोठ्यानं वाचायला द्या, तुमच्या हातात प्रत ठेवा आणि तो थांबेल, मागे जाईल, दोनदा म्हणेल तिथं खूण करा. त्याला काही विचारू नका; सभ्य माणसं ‘छानच आहे’ म्हणतात. मुलाचं लक्ष कुठे उडालं तेही टिपा, पण ते दर वेळी ओळींमुळेच असतं असं नाही.

प्रकाशकाकडे पाठवताना जोडपानांचे आकडे टाकलेला मजकूर पुरतो. चित्रं सोबत हवीतच असं नाही, आणि ओळखीतल्या कुणाकडून घाईनं काढून घेतलेली तर अजिबात नकोत. चित्राबद्दल सूचना लिहायची ती फक्त गोष्ट त्याशिवाय कळणार नसेल तिथं. ‘कावळ्याच्या घराला दार नाही’ हे लिहावं लागेल, चिमणी कुठल्या फांदीवर बसली आहे ते नाही. पाठवण्याआधी त्या प्रकाशनाची पुस्तकं चाळा: ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आणि नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका यांचा घाट वेगळा आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या मंचावर (२०१५ पासून) गोष्टी खुल्या परवान्यानं येतात, म्हणजे कुणीही श्रेय देऊन तुमच्या गोष्टीचं भाषांतर किंवा रूपांतर करू शकतो. हे मान्य असेल तरच तिथं जा. आणि संपादकानं एखादा शब्द बदलायला सांगितला, तर तो शब्द तेवढा बदलून परत पाठवू नका. एक शब्द हलला की मात्रा हलतात, कधी कधी समोरच्या पानावरचं ध्रुवपदही. कडवं पुन्हा लिहा, टाळी वाजवून म्हणा, आणि अख्खं जोडपान पाठवा.